अधिवक्ता (सुधारणा) विधेयक, २०२५ (मसुदा)

अधिवक्ता (सुधारणा) विधेयक, २०२५ हा भारतातील वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या अधिवक्ता अधिनियम, १९६१ या कायद्यात व्यापक बदल सुचवणारा मसुदा होता. केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाच्या विधी व्यवहार विभागाने तो १३ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रसिद्ध केला आणि २८ फेब्रुवारीपर्यंत जनतेकडून सूचना व हरकती मागवल्या. न्यायालयीन कामकाजावरील बहिष्कारास बंदी, भारतीय विधिज्ञ परिषदेवर केंद्र सरकारने सदस्य नेमण्याची तरतूद, विदेशी विधी संस्थांविषयी नियम करण्याचा सरकारचा अधिकार आणि वकिलांच्या सनदांची नियतकालिक पडताळणी हे त्यातील ठळक मुद्दे होते. देशभरातील वकील संघटनांनी विरोध केल्यानंतर २२ फेब्रुवारी २०२५ रोजी मंत्रालयाने विचारविनिमयाची प्रक्रिया थांबवली आणि सुधारित मसुदा नव्याने विचारविनिमयासाठी आणला जाईल असे जाहीर केले. हा मसुदा संसदेत मांडला गेला नाही. तरीही वकिली व्यवसायाची स्वायत्तता, कायदा करण्याच्या प्रक्रियेवर वकील संघटनांचा असलेला प्रभाव आणि पक्षकाराचे हित यांचे परस्परसंबंध त्याच्या निमित्ताने चर्चेत आले.

पार्श्वभूमी

ब्रिटिश काळात भारतात वकील, मुखत्यार, प्लीडर, सॉलिसिटर, बॅरिस्टर असे कायदेविषयक काम करणाऱ्यांचे अनेक वर्ग होते. लीगल प्रॅक्टिशनर्स अधिनियम, १८७९ आणि इंडियन बार कौन्सिल्स अधिनियम, १९२६ हे त्यांचे नियमन करणारे प्रमुख कायदे होते. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या अध्यक्षतेखाली १९५१ मध्ये अखिल भारतीय बार समिती नेमण्यात आली. या समितीच्या १९५३ मधील अहवालाच्या आणि विधी आयोगाच्या १९५८ मधील चौदाव्या अहवालाच्या आधारे १९६१ चा अधिवक्ता अधिनियम तयार झाला. या कायद्याने संपूर्ण देशासाठी 'अधिवक्ता' हा एकच वर्ग निर्माण केला. राज्य पातळीवर राज्य विधिज्ञ परिषदा आणि केंद्रीय पातळीवर भारतीय विधिज्ञ परिषद अर्थात बार कौन्सिल ऑफ इंडिया अशी द्विस्तरीय रचना त्यातून उभी राहिली.

या रचनेचा पाया स्वनियमन हा आहे. राज्य परिषदेचे सदस्य त्या राज्यातील नोंदणीकृत वकिलांनी निवडलेले असतात. प्रत्येक राज्य परिषद आपल्यातून एक प्रतिनिधी भारतीय विधिज्ञ परिषदेवर पाठवते. देशाचे महान्यायवादी आणि महान्यायअभिकर्ता हे तिचे पदसिद्ध सदस्य असतात. सनद देणे, व्यावसायिक आचाराचे नियम करणे आणि गैरवर्तनाच्या तक्रारींवर कारवाई करणे ही कामे या परिषदांकडे आहेत. महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी, तसेच दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशासाठी एकच परिषद असून ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा या नावाने ओळखली जाते.

कायद्यात बदल करण्याचे प्रयत्न २०२५ पूर्वीही झाले होते. महिपाल सिंह राणा विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१६ रोजी वकिली व्यवसायाच्या नियमनाचा फेरविचार करण्याची गरज व्यक्त केली. त्यानुसार विधी आयोगाने मार्च २०१७ मध्ये २६६ वा अहवाल सादर केला आणि त्यासोबत विधेयकाचा एक मसुदाही जोडला. त्यातही बहिष्कारास मनाई आणि पक्षकारास नुकसानभरपाई या कल्पना होत्या. त्यावेळीही वकिलांनी देशभर निदर्शने केली आणि तो मसुदा पुढे सरकला नाही. त्यानंतर संसदेने अधिवक्ता (सुधारणा) अधिनियम, २०२३ हा मर्यादित स्वरूपाचा कायदा संमत केला. राज्यसभेने तो ऑगस्ट २०२३ मध्ये आणि लोकसभेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केला. न्यायालयाच्या आवारात पैशाच्या मोबदल्यात पक्षकार मिळवून देणाऱ्या दलालांविरुद्धची तरतूद त्याद्वारे १९६१ च्या कायद्यात आली आणि १८७९ चा जुना कायदा रद्द झाला.

प्रमुख तरतुदी

विधी व्यावसायिकाची व्याख्या. मूळ कायद्यात न्यायालये, न्यायाधिकरणे आणि पुरावा नोंदवण्याचा अधिकार असलेली प्राधिकरणे यांच्यापुढे काम करणारा वकील केंद्रस्थानी आहे. मसुद्यातील 'विधी व्यावसायिक' या संज्ञेत न्यायालयात उभे राहणाऱ्या वकिलांसोबत खासगी व सार्वजनिक संस्था, वैधानिक मंडळे, कंपन्या आणि देशी-विदेशी विधी संस्थांमध्ये कायदेविषयक काम करणाऱ्या विधी पदवीधरांचाही समावेश होता. परिषदेच्या सध्याच्या नियमांनुसार वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. कंपनीच्या विधी विभागात नोकरी स्वीकारणाऱ्यास सनद स्थगित ठेवावी लागते. त्यामुळे कंपन्यांचे अंतर्गत विधी सल्लागार या नियमनाच्या चौकटीबाहेर राहतात. नव्या व्याख्येने हा मोठा वर्ग प्रथमच कायद्याच्या परिभाषेत आला असता.

परिषदेची रचना आणि सरकारचे अधिकार. निवडून आलेल्या आणि पदसिद्ध सदस्यांखेरीज भारतीय विधिज्ञ परिषदेवर केंद्र सरकारला तीनपर्यंत सदस्य नामनिर्देशित करता येतील, असे मसुद्यात म्हटले होते. प्रस्तावित कलम ४९ ब नुसार कायद्याच्या अंमलबजावणीसाठी सरकार परिषदेला निर्देश देऊ शकणार होते.

बहिष्कारास बंदी. प्रस्तावित कलम ३५ अ नुसार कोणत्याही वकील संघटनेस, तिच्या सदस्यास किंवा वकिलास न्यायालयीन कामकाजावर बहिष्कार टाकण्याचे आवाहन करण्यास, बहिष्कार टाकण्यास किंवा न्यायालयाच्या कामात अडथळा आणण्यास मनाई होती. या मनाईचा भंग गैरवर्तन ठरणार होता. व्यावसायिक आचार, कामाची परिस्थिती अथवा प्रशासकीय बाबींकडे लक्ष वेधणारा आणि न्यायदानात बाधा न आणणारा प्रतीकात्मक किंवा एक दिवसाचा लाक्षणिक संप मात्र या मनाईतून वगळला होता. वकिलाच्या गैरवर्तनामुळे किंवा संपातील सहभागामुळे नुकसान झालेल्या व्यक्तीला दाद मागण्याची सोयही मसुद्यात होती.

सनद, नोंदणी आणि शिक्षा. वकिलांच्या पदव्या, व्यवसायाचे ठिकाण आणि अन्य तपशील यांची दर पाच वर्षांनी पडताळणी करणे प्रस्तावित होते. प्रत्येक वकिलाने जेथे व्यवसाय चालतो तेथील वकील संघटनेत नोंदणी करावी, ठिकाण किंवा शाखा बदलल्यास ३० दिवसांत कळवावे आणि एकाहून अधिक संघटनांत मतदान करू नये, असे कलम ३३ अ मध्ये सुचवले होते. सध्याच्या कायद्यात नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातील दोषसिद्धी ही सनद मिळण्यास अपात्रता ठरते. मात्र सुटकेनंतर दोन वर्षांनी ती संपते. मसुद्यातील निकष अधिक कडक होते. सनद नसताना वकिली करणाऱ्यास सध्या सहा महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. ती एक वर्षापर्यंत वाढवून दोन लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची जोड देण्याचे प्रस्तावित होते.

विदेशी विधी संस्था. भारतात येऊ इच्छिणाऱ्या विदेशी वकिलांविषयी व विधी संस्थांविषयी नियम करण्याचा अधिकार मसुद्याने केंद्र सरकारला दिला होता. या प्रश्नाला मुंबईतील एका दीर्घ खटल्याचा इतिहास आहे. १९९० च्या दशकात व्हाइट अँड केस, चॅडबर्न अँड पार्क आणि ॲशर्स्ट या विदेशी संस्थांनी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने भारतात संपर्क कार्यालये उघडली. त्याविरुद्ध लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाने १६ डिसेंबर २००९ रोजी दिलेल्या निर्णयात, न्यायालयाबाहेरील सल्ला व दस्तऐवज तयार करण्याचे कामही 'वकिली' या संज्ञेत येते आणि त्यासाठी भारतीय सनद आवश्यक आहे, असे स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयाने १३ मार्च २०१८ रोजी ए. के. बालाजी खटल्यात हे तत्त्व कायम ठेवले. विदेशी कायद्याविषयी सल्ला देण्यासाठी अधूनमधून येण्याची मुभा मात्र त्याने काही अटींवर मान्य केली. भारतीय विधिज्ञ परिषदेने मार्च २०२३ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनी विदेशी वकिलांना परस्परतेच्या तत्त्वावर न्यायालयाबाहेरील कामासाठी दार उघडले. हा विषय परिषद हाताळत असताना मसुद्याने तो सरकारकडे नेला, हा परिषदेच्या आक्षेपाचा एक भाग होता.

विरोध आणि माघार

मसुदा प्रसिद्ध झाल्यानंतर काही दिवसांतच दिल्लीतील जिल्हा न्यायालयांतील वकिलांनी कामकाजापासून अलिप्त राहण्यास सुरुवात केली आणि आंदोलन अन्य राज्यांत पसरले. भारतीय विधिज्ञ परिषदेचे अध्यक्ष आणि राज्यसभा सदस्य मनन कुमार मिश्रा यांनी केंद्रीय विधी व न्यायमंत्री अर्जुन राम मेघवाल यांना पत्र लिहून आक्षेप कळवले. सरकारनियुक्त सदस्य आणि निर्देश देण्याचा अधिकार यांमुळे परिषदेची स्वायत्तता संपुष्टात येईल, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. शासन हा देशातील सर्वांत मोठा पक्षकार आहे आणि शासनाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या वकिलाची शिस्त शासनाच्या प्रभावाखालील संस्थेकडे असू नये, अशी या विरोधामागची भूमिका होती.

मसुद्याच्या समर्थनार्थ सरकारने व्यवसाय समकालीन गरजांशी व जागतिक पद्धतींशी सुसंगत करण्याचे कारण दिले होते. केवळ वकिलांनी निवडलेल्या संस्थेने वकिलांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करावा, या व्यवस्थेत तक्रारदार पक्षकाराचा आवाज क्षीण राहतो, हा स्वनियमनावरील जुना आक्षेपही या चर्चेत महत्त्वाचा आहे. बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचा निर्णय दिला होता. त्यामुळे सदोष सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग बंद झाला. पक्षकारापुढे विधिज्ञ परिषदेकडील शिस्तभंगाची तक्रार आणि दिवाणी न्यायालयातील दावा हे मार्ग उरले. शिस्तभंगाच्या कारवाईत वकिलाला ताकीद देणे, त्याची सनद निलंबित करणे किंवा त्याचे नाव पटावरून काढणे शक्य असते.

न्यायालयीन बहिष्काराचा प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने माजी कॅप्टन हरीश उप्पल विरुद्ध भारत संघराज्य या खटल्यात १७ डिसेंबर २००२ रोजी वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराचा हक्क नाही, असा निर्णय दिला. निषेध नोंदवायचा असल्यास निवेदने, फिती लावणे, न्यायालयाच्या आवाराबाहेर शांततापूर्ण मोर्चे यांसारखे मार्ग वापरावेत, असे त्यात म्हटले होते. न्यायव्यवस्थेची प्रतिष्ठा व स्वातंत्र्य पणाला लागले असेल अशा दुर्मीळ प्रसंगी एक दिवसाचा निषेध न्यायालये दुर्लक्षित करू शकतील, एवढीच सवलत न्यायालयाने ठेवली. मसुद्यातील कलम ३५ अ हे बहुतांशी याच निर्णयाचे कायद्यातील रूपांतर होते. निर्णयानंतरही बहिष्काराची प्रथा चालू राहिली.

महाराष्ट्रात या प्रथेचे सर्वांत ठळक उदाहरण कोल्हापूर खंडपीठाच्या मागणीचे आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात व्हावे म्हणून सुमारे चार दशके आंदोलन केले. निवेदने, उपोषणे, मोर्चे आणि लोकप्रतिनिधींच्या भेटी यांबरोबर २०१३ मध्ये या जिल्ह्यांत न्यायालयीन कामकाजावर दीर्घ बहिष्कारही टाकण्यात आला. अखेर कोल्हापूर येथील फिरते खंडपीठ १८ ऑगस्ट २०२५ रोजी कामास लागले. मुंबईची खेप वाचावी हे पक्षकाराचेच हित या मागणीत होते. मात्र बहिष्काराच्या काळात लांबलेल्या तारखांची झळही त्याच पक्षकारांना बसली. जानेवारी २०२४ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील राहुरी येथे एका वकील दाम्पत्याची हत्या झाल्यानंतरही राज्यातील वकिलांनी काम थांबवून वकील संरक्षण कायद्याची मागणी केली. राजस्थान आणि कर्नाटक या राज्यांनी असे कायदे २०२३ मध्ये संमत केले आहेत.

लॉबिंग आणि विधी सेवा

एखाद्या विधेयकावर किंवा धोरणावर प्रभाव पाडण्यासाठी लोकप्रतिनिधी व अधिकारी यांच्याकडे संघटितपणे बाजू मांडण्याच्या कार्यास लॉबिंग म्हणतात. भारतात लॉबिंगला मान्यता देणारा किंवा त्याची नोंदणी सक्तीची करणारा कायदा नाही. अमेरिकेत १९९५ च्या लॉबिंग डिस्क्लोजर कायद्याने लॉबिंग करणाऱ्यांवर खर्च जाहीर करण्याचे बंधन घातले आहे. याच कायद्यानुसार वॉलमार्ट कंपनीने दिलेल्या माहितीत भारतातील गुंतवणुकीचा उल्लेख आल्याने डिसेंबर २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला आणि सरकारने न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमली. त्यानंतर २०१३ मध्ये लोकसभा सदस्य कलिकेश नारायण सिंह देव यांनी लॉबिंगविषयक माहिती जाहीर करण्यासंबंधीचे खासगी विधेयक मांडले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

अशा कायद्याच्या अभावी प्रस्तावित विधेयकांवर मत नोंदवण्याचे प्रमुख औपचारिक साधन म्हणजे फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने स्वीकारलेले विधिपूर्व विचारविनिमय धोरण होय. मसुदा किमान ३० दिवस जनतेसाठी खुला ठेवावा, अशी अपेक्षा त्यात आहे. २०२५ च्या मसुद्यास मिळालेली मुदत सुमारे १५ दिवसांची होती. मोठ्या विधी संस्था आणि उद्योग संघटनांकडे अल्प मुदतीत कलमवार अभिप्राय तयार करणारी यंत्रणा असते. कंपन्यांना विधेयकाचा अर्थ समजावून देणे, अनुपालनाचा अंदाज बांधणे आणि अभिप्रायाचा मसुदा लिहिणे हे विधी सेवेचे वाढते अंग आहे. तालुक्याच्या ठिकाणचे वकील किंवा पक्षकार यांच्याकडे अशी यंत्रणा नसते. त्यांचे म्हणणे बहुधा वकील संघटनेच्या ठरावातून आणि आंदोलनातून व्यक्त होते. त्यामुळे बहिष्काराचे साधन काढून घ्यायचे तर ऐकून घेण्याची औपचारिक यंत्रणा तितकीच सक्षम असावी लागते, हा या मसुद्याच्या चर्चेतून पुढे येणारा महत्त्वाचा मुद्दा आहे.

तालुका पातळीवरील संदर्भ

प्रस्तावित बदलांचे व्यावहारिक स्वरूप पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. पारगाव नावाची गावे या दोन्ही तालुक्यांत आहेत. आंबेगाव तालुक्यातील पारगाव येथे दत्तात्रयनगर या वसाहतीत भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. आंबेगाव तालुक्याचे न्यायालय घोडेगाव येथे, तर जुन्नर तालुक्याचे जुन्नर येथे आहे. गंभीर फौजदारी खटले व अपिले यांसाठी पक्षकारांना राजगुरुनगर (खेड) किंवा पुणे गाठावे लागते आणि पुढे मुंबई उच्च न्यायालय येते.

अशा ग्रामीण भागात वकिलाचे काम केवळ दिवाणी व फौजदारी न्यायालयापुरते मर्यादित नसते. शेतरस्ता अडवल्याची तक्रार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदारापुढे चालते. सातबारावरील नोंद किंवा फेरफार यांविषयीचे अपील महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार प्रांताधिकाऱ्यांकडे जाते. वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात असतो. एकाच जमिनीच्या वादात एकच वकील तहसील, प्रांत कार्यालय, घोडेगाव आणि पुणे अशा ठिकाणी उभा राहू शकतो. एका संघटनेत नोंदणी आणि एकाच ठिकाणी मतदान या प्रस्तावित बंधनाचा परिणाम अशा वकिलांवर झाला असता: त्यांना तालुका किंवा जिल्हा यांपैकी एका संघटनेत मताधिकार निवडावा लागला असता.

पक्षकाराच्या दृष्टीने बहिष्काराचा प्रश्न अधिक थेट आहे. तारखेसाठी पारगावहून घोडेगाव किंवा जुन्नरला जाणारा शेतकरी एका दिवसाची मजुरी किंवा शेतीचे काम सोडून जातो. त्या दिवशी कामकाज न झाल्यास पुढील तारीख मिळते. मनाई हुकुमाचा अर्ज असल्यास दरम्यानच्या काळात जमिनीवरील स्थिती बदलू शकते. त्याच वेळी महसूल खाते, पोलीस किंवा भूसंपादन अधिकारी यांच्याविरुद्ध दाद मागताना त्याला शासनाच्या दबावापासून मुक्त असलेल्या वकिलाची गरज असते. बहिष्कारापासून संरक्षण आणि वकिलाचे स्वातंत्र्य या दोन्ही गोष्टी एकाच पक्षकाराच्या गरजा आहेत. २०२५ च्या मसुद्याने त्या एकाच विधेयकात एकमेकींसमोर आणल्या. वकिलांच्या विरोधाचा रोख प्रामुख्याने स्वायत्ततेवर राहिला, तर पक्षकाराला होणाऱ्या नुकसानीचा प्रश्न मसुदा मागे गेल्यावरही कायम राहिला.

इतर देशांतील व्यवस्था

इंग्लंड व वेल्समध्ये सर डेव्हिड क्लेमेंटी यांच्या २००४ मधील अहवालानंतर विधी सेवा अधिनियम, २००७ संमत झाला. त्याने व्यवसायाचे प्रतिनिधित्व आणि नियमन ही कामे वेगळी केली व त्यांवर देखरेख करणारे विधी सेवा मंडळ स्थापन केले. या मंडळात वकील नसलेल्या सदस्यांचे बहुमत असते. भारतात ही दोन्ही कामे विधिज्ञ परिषदांकडेच एकत्र आहेत. ब्रिटनमध्ये २०१४ च्या कायद्याने सल्लागार स्वरूपाच्या लॉबिंग करणाऱ्यांची नोंदवहीही सुरू झाली.

मसुद्यानंतर

मसुदा मागे घेताना मंत्रालयाने प्राप्त सूचना व चिंता विचारात घेऊन सुधारित मसुदा नव्याने विचारविनिमयासाठी आणण्याचे जाहीर केले. दरम्यान भारतीय विधिज्ञ परिषदेने मे २०२५ मध्ये विदेशी वकील व विधी संस्थांविषयीचे आपले सुधारित नियम अधिसूचित केले. मसुद्याचे कायद्यात रूपांतर न झाल्याने वकिली व्यवसायाचे नियमन १९६१ चा अधिनियम, त्यातील २०२३ ची दुरुस्ती, परिषदेचे नियम आणि सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय यांच्या आधारे होते.